गाडीचे नाव आणि गाडीचा गुण

घरात मोटारसायकल घ्यायचे ठरले की आधी पैशाची चर्चा होते आणि लगेच नावाची. “अमक्या कंपनीची घेऊ नका, ती गॅरेजमध्येच उभी असते,” असे मेहुणे सांगतात. “ही डोळे झाकून घ्या,” असे शेजारी सांगतात. मुलगा एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारा असतो. गाडी बंद पडली तर त्याचा खाडा होतो, हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हा हा निर्णय सांगोवांगीवर सोडणे आपल्यासारख्यांना परवडत नाही.

ह्या समजुती आल्या कोठून? यामाहा पेट्रोल पिते, असे आजही म्हणतात. हा शिक्का आरएक्स १०० च्या काळातला. ती गाडी टू-स्ट्रोक होती. त्या प्रकारच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑईल जळते आणि थोडे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाते. त्या काळच्या राजदूत, सुझुकी ह्या टू-स्ट्रोक गाड्यांचेही तेच होते. दोष इंजिनाच्या प्रकाराचा, नाव मात्र कंपनीचे खराब झाले. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ साली थांबले. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या यामाहा गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, तरी आजोबांचा शिक्का नातवाच्या कपाळी आहेच.

बुलेटबाबतची तक्रार मात्र खरी होती. जुनी बुलेट उभी केली की खाली ऑईलचा डाग पडायचा. २००९ साली आलेल्या क्लासिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच जोडणीत आले, तेव्हा तरी जुने मत पुन्हा तपासायला हवे होते. हिरो आणि होंडा यांनी डिसेंबर २०१० मध्ये फारकत जाहीर केली. लगेच लोक म्हणू लागले, “आता पूर्वीची हिरो राहिली नाही.” वास्तविक होंडाचे तंत्रज्ञान वापरण्याचा करार त्यानंतरही २०१४ पर्यंत चालू होता. कारखान्यातून तेच इंजिन बाहेर पडत होते. बदलला होता तो टाकीवरचा स्टिकर!

“पण मेस्तरी खोटे कशाला सांगेल?” खोटे तो सांगत नाही. त्याच्या दारात बिघडलेल्याच गाड्या येतात, चांगल्या चालणाऱ्या त्याला दिसत नाहीत. हिशेब करून पाहा. समजा, तालुक्यात एका कंपनीच्या ४०० गाड्या आहेत आणि वर्षात त्यांतल्या ४० बिघडल्या. दुसरीच्या ४० गाड्या, त्यांतल्या ८ बिघडल्या. मेस्तरी म्हणेल, पहिली फार येते. शेकडा काढला तर पहिलीचे १० पडतात आणि दुसरीचे २०. मात्र दुसरीचे सुटे भाग तालुक्यात मिळत नसतील, तर ती तक्रार रास्त आहे. भागासाठी आठ दिवस गाडी उभी राहणे हेही नुकसानच.

मालकाचे समाधान हाही पुरावा नव्हे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ह्या ग्राहक मासिकाने २०१५ साली गाडीमालकांना विचारून असा शेकडाच काढला होता. चार वर्षांत बिघाड होण्याचे प्रमाण यामाहाचे सुमारे ११ टक्के आणि हार्ले-डेव्हिडसनचे सुमारे २६ टक्के निघाले. तरीही पुन्हा हीच गाडी घेऊ, असे म्हणणारे हार्लेवालेच अधिक होते. प्रेमापुढे हिशेब चालत नाही, तिकडेही.

एकाच कंपनीच्या, एकाच साली घेतलेल्या दोन गाड्या घ्या. एकीचे ऑईल वेळेवर बदललेले असेल आणि दुसरी ट्रिपल सीट, काळ्या ऑईलवर दामटलेली असेल, तर दोन्हींचा जबाब सारखा कसा येईल? म्हणून जुनी गाडी पाहताना सर्व्हिसची पावती मागावी. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. किक मारण्याआधी इंजिनला हात लावून पाहावा. ते गरम असेल तर गिऱ्हाईक येण्यापूर्वीच गाडी चालू करून ठेवलेली आहे. मग थंड होईपर्यंत चहा घ्यावा आणि नंतर चालू करायला सांगावे. फोर-स्ट्रोक गाडी निळसर धूर सोडत असेल तर ऑईल जळते आहे, इंजिनाचे काम निघणार. चेन-सेटचे दात वाकडे-टोकदार झाले असतील तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी. विकणारा कुरकुर करील. करू द्यावी.