संगणकीय रुग्णनोंद : प्रस्ताव मागवितांना व पारखतांना
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो,

आजचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु त्याचा संबंध प्रत्येक घरांतील आजारी माणसाशीं येतो. रुग्णालयाला संगणकीय रुग्णनोंदीची व्यवस्था विकत घ्यावयाची असतां पुरवठादारांकडून प्रस्ताव कसे मागवावे आणि ते कसे पारखावे, हा तो विषय होय. आपणांपैकीं कित्येक गृहस्थ व भगिनी धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर असतील. इतरांना निदान रुग्ण म्हणून हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहेच.

आमचें वालूर हें परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांतलें गांव. येथील रुग्ण आधीं गांवांत औषध घेतो, मग सेलूस जातो, तेथून परभणीस आणि दुखणें हटलें नाहीं तर नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयांत. प्रत्येक ठिकाणीं त्याच्या हातांत कागदांची एक पिशवी असते. तींतला एखादा कागद हरवला, आणि अमुक औषध या माणसाला सोसत नाहीं एवढीच ओळ त्या कागदावर असली, तर त्या ओळीचें मोल प्राणाएवढें होतें. ही ओळ रुग्णाच्या आधीं डॉक्टरच्या टेबलावर पोहोंचावी, हाच संगणकीय नोंदीचा खरा हेतु.

हा हेतु विसरून नुसतें यंत्र घेतलें म्हणजे काय होतें, याचे दाखले फार दूर नाहींत. महाराष्ट्रांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कित्येक वर्षें चाललेली संगणकीय व्यवस्था 2022 सालीं बंद पडली, आणि केसपेपर पुन्हा हातानें लिहिण्याची पाळी आली. त्याच वर्षीं 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला व तेथील कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावें लागलें. इंग्लंडांत 2002 सालीं आरंभलेली साऱ्या देशाची अवाढव्य योजना 2011 सालीं मोडीत काढण्यांत आली. तेव्हां पैसा पुष्कळ असणें ही शहाणपणाची हमी नव्हे.

मग आरंभ कोठून करावा? पुरवठादाराला बोलावण्यापूर्वीं आपल्या घरांत पाहावें. केसपेपर काढण्यापासून रुग्ण घरीं जाईपर्यंत कागद कोणाकोणाच्या हातांतून जातो, हें डॉक्टर, परिचारिका, औषधभांडारी, प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञ आणि हिशेबनीस यांना एकत्र बसवून लिहून काढावें. त्यांतून गरजांची यादी निघते. तिचे दोन भाग करावे : अवश्य हवेंच तें, आणि असल्यास बरें तें. दुसरा भाग लांबला कीं किंमत वाढते.

अवश्य भागांत कांहीं गोष्टी नि:संशय याव्या. भारत सरकारनें रुग्णनोंदींचीं मानकें 2013 सालीं प्रसिद्ध केलीं व 2016 सालीं सुधारलीं. व्यवस्था त्यांस धरून असावी. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 पासून देशभर सुरू झालें आहे; त्यांतील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाशीं नोंद जोडतां यावी. आपल्या राज्यांत धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठीं 10 टक्के व दुर्बल घटकांसाठीं 10 टक्के खाटा ठेवाव्या लागतात; त्यांचा हिशेब यंत्रांतूनच निघावा. मराठी नांवें देवनागरींत लिहितां यावीं. वीज किंवा इंटरनेट गेल्यास काम कसें चालेल, हें पुरवठादारानें लेखी सांगावें.

मागणीपत्रांत आपले खरे आंकडे द्यावे : खाटा किती, बाह्यरुग्ण रोज किती, संगणक किती, जुन्या नोंदी किती. हे आंकडे न देतां भाव मागणें म्हणजे अंगाचें माप न देतां शिंप्याला अंगरखा शिवावयास सांगणें. प्रस्ताव मागविल्यावर सर्व पुरवठादारांची एक बैठक घ्यावी आणि एकाच्या शंकेचें उत्तर सर्वांना लेखी कळवावें. तांत्रिक प्रस्ताव व किंमत हीं दोन निरनिराळ्या लिफाफ्यांत मागवावीं. पहिल्याची पारख संपेपर्यंत दुसरा उघडूं नये.

आतां गुणदान. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. त्या धंद्याचा पहिला नियम असा कीं, कोणत्या प्रश्नाला किती गुण हें गठ्ठा सोडण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. येथेंही तोच नियम. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. पहिल्या प्रस्तावाला तांत्रिक गुण 85 व किंमत 12 लक्ष रुपये. दुसऱ्याला गुण 70 व किंमत 9 लक्ष. किंमतीचे गुण काढण्याची रीत अशी : सर्वांत कमी किंमतीला त्या प्रस्तावाच्या किंमतीनें भागून शंभरानें गुणावें. म्हणजे पहिल्यास 75 व दुसऱ्यास 100 मिळतात. गुणवत्तेला 70 टक्के व किंमतीला 30 टक्के वजन दिलें, तर पहिल्याचे 82 व दुसऱ्याचे 79 होतात, पहिला जिंकतो. दोहोंना निम्में निम्में वजन दिलें, तर पहिल्याचे 80 व दुसऱ्याचे 85, दुसरा जिंकतो. प्रस्ताव तेच, निकाल उलटा! म्हणून वजनें आधीं जाहीर झालीं नसतील, तर पारख ही पारख राहत नाहीं. ती मर्जी होते.

किंमत म्हणजे केवळ आरंभींचा आंकडा नव्हे. बसविण्याचा खर्च, जुन्या नोंदी भरणें, माणसांना शिकविणें, वर्षाची देखभाल, पुढें लागणारे फेरफार, या साऱ्यांची पांच वर्षांची बेरीज प्रत्येकाकडून एकाच तक्त्यांत मागवावी. आरंभीं स्वस्त दिसणारा प्रस्ताव या बेरजेंत पुष्कळदां महाग ठरतो.

तांत्रिक पारख पुरवठादाराच्या चित्रफितीवरून करूं नये. आपणच एक कल्पित रुग्ण द्यावा : मधुमेही वृद्धा, एका औषधाची ॲलर्जी, पडून हाड मोडलेलें. तिची नोंद आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या परिचारिकेकडून प्रत्येक यंत्रावर करवून घ्यावी. नको असलेलें औषध लिहितांच यंत्र हटकतें काय, किती कळा दाबाव्या लागतात, चूक झाल्यास दुरुस्ती कशी होते, हें डोळ्यांनीं पाहावें. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या नियमांप्रमाणें रुग्णानें मागितलेली नोंद 72 तासांच्या आंत द्यावी लागते. ती तेथल्या तेथें काढून दाखविण्यास सांगावें. शिवाय हीच व्यवस्था वापरणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयास भेट द्यावी आणि तेथें अधिष्ठात्यांपेक्षां रात्रपाळीच्या परिचारिकेला अधिक प्रश्न विचारावे.

सर्वांत महत्त्वाची अट करार संपण्याच्या दिवसाची. आमच्या वालूरच्या जुन्या बारवा प्रसिद्ध आहेत. बारव कोणत्याही गवंड्यानें बांधो, पाणी गांवाचें असतें. नोंदींचेंही तसेंच : 2016 च्या मानकांप्रमाणें त्यांतील माहिती रुग्णाची, आणि रुग्णालय तिचें विश्वस्त. म्हणून करार संपतांच सर्व नोंदी प्रचलित नमुन्यांत, वेगळा मोबदला न मागतां, ठराविक मुदतींत परत मिळतील असें स्पष्ट लिहून घ्यावें; आणि वर्षांतून एकदां तशी प्रत खरोखर काढून ती दुसरीकडे उघडते कीं नाहीं हें पाहावें. नोंदींची प्रत रुग्णालयाच्या आवारापासून दूरही ठेवावी. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं 2023 सालीं झालेला कायदा रुग्णालयालाही बांधतो. पुरवठादाराकडे बोट दाखवून जबाबदारी टळत नाहीं.

श्रोतेहो, हें सारें करावयास कांहीं महिने अधिक लागतील. ते लागूं द्यावे. घाईनें घेतलेलें यंत्र पुढें कित्येक वर्षें डॉक्टरांना छळतें आणि रुग्णाला पुन्हा त्याच्या पिशवीच्या स्वाधीन करतें. आपण ज्या रुग्णालयाशीं संबंधित असाल तेथें पुढच्या सभेंत एवढेंच विचारा : करार उद्यां संपला, तर आमच्या नोंदी आमच्या हातीं किती दिवसांत येतील? याचें उत्तर दिवसांच्या आंकड्यांत मिळालें नाहीं, तर कागदावर सही होऊं देऊं नका.