पेटीतले घड्याळ आणि बाजारातली पारख
‘फेवर ल्युबा’च्या जुन्या घड्याळांची कहाणी

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या घरांत पत्र्याची पेटी उघडली, की जमिनीचे कागद, निजामी अमलातली चांदीची नाणी आणि बंद पडलेले एखादे चावीचे घड्याळ अशा वस्तू हाती लागतात. कागद जपले जातात, नाणी सराफाला दाखवली जातात. घड्याळाची मात्र कुणी चौकशी करीत नाही. मुले खेळून ते मोडतात, नाहीतर किरकोळ रकमेत ते फिरत्या खरेदीदाराच्या पिशवीत जाते.

वास्तविक जगाच्या बाजारात जुन्या हातघड्याळांना, विशेषतः खेळ आणि साहसासाठी बनलेल्या घड्याळांना, आज मोठी मागणी आहे. अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांचे ‘रोलेक्स डेटोना’ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेले. आपल्या पेटीतले घड्याळ तेवढ्या मोलाचे नसते, हे उघड आहे. परंतु वस्तू काय आहे हे न ओळखता विकणे हा तिजारतीत नेहमीच तोट्याचा सौदा ठरतो. म्हणून आपल्याकडे घरोघरी ज्याचे नाव माहीत होते, त्या ‘फेवर ल्युबा’ची हकिकत येथे देत आहोत.

स्विस पेढी हिंदुस्तानात

स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल या गावी अब्राहम फाव्र नावाचा कारागीर घड्याळे बनवीत असे. त्याची नोंद १७३७ सालची आहे. पुढे ल्युबा घराण्याशी भागीदारी झाली आणि दोन्ही नावे एकत्र आली. या घराण्यातील फ्रिट्झ फाव्र यांनी १८६५ मध्ये हिंदुस्तानची बाजारपेठ उघडली. मुंबईत पेढीचा जम बसला आणि ‘फेवर ल्युबा’ हे नाव आपल्या लोकांच्या तोंडी बसले. १८८६ मध्ये सुरू झालेली ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ ही दुसरी स्विस पेढीही याच बाजारावर डोळा ठेवून निघाली होती. तिच्या ‘सोवार’ घड्याळाचे नाव आपल्याच ‘सवार’ या शब्दावरून आले आहे.

मराठवाड्यात घड्याळाची गरज रेल्वेने वाढवली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशीमार्गे लातूरपर्यंत गेली. गाडी कुणासाठी थांबत नाही, हे कळल्यावर सावलीवरून वेळ ओळखणे पुरेनासे झाले. पुढे घड्याळ हे प्रतिष्ठेचे लक्षण बनले. लग्नात नवरदेवाला घड्याळ देण्याची चाल सर्वच समाजांत रुळली. फेवर ल्युबाची ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ ही साधी, टिकाऊ, रोज चावी द्यावी लागणारी घड्याळे देशभर अशीच पसरली.

चौगानच्या मैदानातून

खेळासाठी खास घड्याळ या कल्पनेलाही हिंदुस्तानच्या मातीचा संबंध आहे. १९३०-३१ च्या सुमारास सेझार द त्रे हे स्विस व्यापारी येथे आले असता, चौगान म्हणजे पोलो खेळणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या घड्याळाची फुटलेली काच त्यांना दाखवली, असे सांगतात. त्यातून उलटे फिरवून काच आत घेता येईल अशा घड्याळाची योजना निघाली. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये तिच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. हेच पुढचे ‘जेजे-लकुल्त्र’ कंपनीचे ‘रिव्हर्सो’.

उंची सांगणारे, खोली सांगणारे

फेवर ल्युबाचे खरे कर्तृत्व मात्र १९६० नंतरचे. १९६२ मध्ये कंपनीने ‘बिव्हॉक’ हे घड्याळ काढले. त्यात वेळेच्या काट्यांबरोबर हवेचा दाब आणि उंची दाखवणारा वेगळा काटा होता. आतली युक्ती सोपी पण नाजूक आहे. हवा काढलेली धातूची एक छोटी डबी यंत्राशेजारी बसवलेली असते. माणूस डोंगर चढू लागला की बाहेरच्या हवेचा दाब घटतो, डबी किंचित फुगते आणि ती हालचाल काट्यापर्यंत पोहोचते. समुद्रसपाटीजवळ दर आठ मीटर चढाला दाब सुमारे एक मिलिबार उतरतो. एवढा सूक्ष्म फरक मनगटावर दाखवणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

हवामान बदलले तरी दाब बदलतो. म्हणून माहीत असलेल्या ठिकाणी आधी उंची जुळवून घ्यावी लागते. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. येथे जुळवलेला काटा एकाच जागी बसून राहूनही सरकला, तर हवा पालटते आहे असे समजावे.

१९६४ मध्ये वॉल्टर बोनाती आणि मिशेल व्हॉशे या गिर्यारोहकांनी ग्रांद जोरास शिखराची उत्तर भिंत नव्या वाटेने सर केली, तेव्हा त्यांच्याजवळ बिव्हॉक होते. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली महिला, जपानच्या जुन्को ताबेई, यांच्या मनगटावरही हेच घड्याळ होते.

१९६८ मध्ये ‘बाथी’ आले. ते पाणबुड्याला खोली सांगे. त्याच्या पाठीमागच्या झाकणाला भोके असत. त्यातून आत शिरणारे पाणी धातूच्या पातळ पडद्यावर दाब देई आणि काटा फिरे. पाण्याला घड्याळाबाहेर ठेवण्याची सर्वांची धडपड चालू असताना, पाण्यालाच आत घेऊन कामाला लावण्याचा हा विचार होता. शौकीन लोक आज या दोन घड्याळांच्या मागे लागतात, त्यामागे हेच कारण आहे.

वैभव आणि उतार

१९५७ च्या सुमारास भारतात परकीय चलनाची टंचाई निर्माण झाली आणि आयातीवर कडक बंधने आली. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरला घड्याळांचा कारखाना सुरू केला. परदेशी घड्याळ दुर्मिळ झाले आणि चोरट्या मार्गाने येऊ लागले.

दुसरा तडाखा जपानने दिला. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेको कंपनीने बॅटरीवर चालणारे पहिले क्वार्ट्झ हातघड्याळ विकायला काढले. ना चावी, ना तेलपाणी, आणि वेळ अधिक अचूक. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शेकडो स्विस कारखाने बंद पडले. आठ पिढ्या चाललेली फेवर ल्युबाही १९८० च्या दशकात मूळ घराण्याच्या हातून गेली. २०११ मध्ये टाटा समूहाच्या टायटन कंपनीने ते नाव २० लाख युरोंना घेतले आणि २०२३ मध्ये ते इथॉस या भारतीय घड्याळ विक्रेत्या समूहाकडे आले. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय मात्र २०१६ मध्ये झाला.

रंगवलेल्या तबकडीचा धंदा

मागणी वाढली की नक्कल येतेच. जुनी घड्याळे गोळा करून, तबकडी नव्याने रंगवून, एकाचे यंत्र दुसऱ्याच्या केसमध्ये बसवून ती ‘अस्सल’ म्हणून विकण्याचा धंदा मुंबईत फोफावला. परदेशी शौकिनांनी अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे हिणवणारे नावच देऊन टाकले. यात नुकसान केवळ गिऱ्हाईकाचे होत नाही. प्रामाणिकपणे जुना माल विकणाऱ्या प्रत्येक भारतीय दुकानदाराकडे संशयाने पाहिले जाते. दुरुस्ती करणे वाईट नाही, दुरुस्ती लपवणे वाईट. मालातला ऐब सांगून विकणाऱ्याला आज भाव थोडा कमी मिळेल, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानी येईल.

नक्कल ओळखण्याच्या काही खुणा अशा : अक्षरे जाड किंवा वेडीवाकडी असतात, मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात, खालच्या बाजूचे ‘स्विस मेड’ गायब किंवा अर्धवट असते, आणि पन्नास वर्षे वापरलेल्या केसमध्ये तबकडी मात्र काल छापल्यासारखी चकचकीत दिसते.

घरात असे घड्याळ असेल तर

१. तबकडी पुसू किंवा रंगवून घेऊ नका. जुनाट पण मूळ तबकडीला नव्या रंगापेक्षा अधिक मोल असते.

२. केसला घासून पॉलिश देऊ नका. कडा झिजल्या की किंमत उतरते.

३. वर्षानुवर्षे पडून असलेले घड्याळ जोराने चावी देऊन चालवू नका. आतले तेल वाळलेले असते, चक्रे झिजतात. आधी साफसफाई आणि ऑइलिंग करून घ्या.

४. जुनी पावती, डबी, मूळ पट्टा जपून ठेवा. विकण्यापूर्वी दोन-तीन जाणकारांना दाखवा.

५. कारागिरांनी विशेष ध्यानात ठेवावे : १९६० च्या सुमारापर्यंत अंधारात चमकणाऱ्या काट्यांना रेडियमचा रंग लावीत. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षे राहतो. तो रंग कोरडा खरवडू नये. त्याची धूळ श्वासावाटे किंवा हातावाटे पोटात जाणे घातक आहे.

शेवटी मुद्दा येतो तो कारागिरांचा. डोळ्याला भिंग लावून बसणारे जुने घडीसाज तालुक्याच्या गावांतून कमी होत चालले आहेत. त्यांच्या टपऱ्यांवर आता सेल आणि पट्टे बदलण्याचेच काम उरले आहे. मात्र चावीचे यंत्र खोलून पुन्हा जोडू शकणाऱ्या हातांची गरज संपलेली नाही. जुन्या घड्याळांचा बाजार जितका वाढेल, तितकी अशा हातांना किंमत येईल. ही विद्या पुस्तकातून पुरती येत नाही, उस्तादाशेजारी बसून शिकावी लागते. आपल्या गावात असा एखादा उस्ताद अजून दुकान उघडत असेल, तर कामाच्या शोधात असलेल्या तरुणांनी त्यांच्याकडे जाऊन बसावे. पेटीतले घड्याळ आणखी वीस वर्षे थांबू शकेल. ते दुरुस्त करणारा हात तितका थांबणार नाही.