सरकारी पैसा येतो, पण कागदावर नाव कोणाचे?



१ जूनपासून पावसाळी बंदी. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस जाळी किनाऱ्यावर. दरवर्षी याच दिवसांत सोसायटीत एक प्रश्न येतो, "शेतकऱ्याच्या खात्यात दोन-दोन हजार पडतात, आमच्या का नाही?" बाजारात बसणाऱ्या आमच्या भगिनी तर वाटेत थांबवून विचारतात.

आधी शेतकऱ्याचे बघू. पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. पण ते शेत कसणाऱ्याला नाही, ज्याच्या नावावर शेतजमीन आहे त्या कुटुंबाला. सुरुवातीला २ हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच काढली. आयकर भरणारे वगैरे वगळले आहेत, तरी मोठ्या जमीनवाल्याला पैसे मिळू शकतात आणि दुसऱ्याचे शेत कसणाऱ्याला मिळत नाहीत. गोव्यात हे वेगळे समजावायला नको. एक-चौदाच्या उताऱ्यावर भाटकार आणि चिखलात कूळ, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलोय.

आता आपल्या जेटीवर या. इथे उताऱ्याच्या जागी बोटीचे रजिस्ट्रेशन आहे. डिझेलची सवलत रजिस्ट्रेशनवर, म्हणजे मालकाला. ती मिळायलाच हवी, डिझेलशिवाय बोट हलत नाही. पण त्याच बोटीवर रात्रभर जाळे ओढणारा खलाशी आणि पहाटे मासळी निवडणारी बाई, यांचे नाव कुठल्या कागदावर आहे?

आमचीच चूक सांगतो. दोन वर्षांमागे एका सभासदाच्या ट्रॉलरवर विंचमध्ये सापडून खलाशाची दोन बोटे गेली. मच्छीमारांसाठी सरकारचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, इस्पितळासाठी २५,००० रुपये. हप्ता सरकार भरते. आम्ही धावत यादी काढली, तर त्यात फक्त बोटमालक! यादी आम्हीच बनवली होती. नाव असते तर दावा तरी करता आला असता. शेवटी मालकाने आणि सभासदांनी वर्गणी काढून इस्पितळाचे बिल भरले. बोटे गेली ती गेली.

म्हणून यंदा बंदीच्या काळात एकच काम करूया, नावे लावूया.

• खलाशी : प्रत्येक मालकाने आपल्या बोटीवरच्या सगळ्यांची नावे द्यावीत. आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल पाहिजे.

• मासळी विकणाऱ्या भगिनी : केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर तुमचीही नोंदणी होते, बोट नसली तरी. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान ठेवलेय, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. बर्फपेटीची मोटरसायकल, तीनचाकी ही त्यातली कामे.

• बंदीतली मदत : याच योजनेत गरीब पारंपरिक मच्छीमाराने स्वतःचे १,५०० भरायचे, सरकार ३,००० घालते आणि तीन महिने १,५०० प्रमाणे ४,५०० परत मिळतात. कोण बसतो ते ऑफिसात बघू.

शेजारच्या महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मासेमारीला शेतीसारखा दर्जा दिला. आपल्याकडेही तशी मागणी करायला हरकत नाही. पण दर्जा मिळाला आणि यादीत पुन्हा मालकच राहिले, तर आपल्यात आणि भाटकारात फरक काय?

काही मालकांना वाटते, खलाशाचे नाव लावले की उद्या तो हक्क सांगेल. बोटीवर हक्क त्याने लागत नाही. विमा मात्र लागतो, आणि अपघात झाला की तो बोजा तुमच्याच खिशावर येत नाही.

जूनच्या पहिल्या दोन रविवारी सकाळी १० ते १ ऑफिस उघडे राहील. मालकांनी एकटे येऊ नये, खलाशांना घेऊन यावे. गावी जाणाऱ्यांनी जायच्या आधी येऊन जावे.

— सचिव, आपली सोसायटी