पुस्तकाचा खर्च कोणत्या खात्यावर?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील आपल्या कुटुंबांत दुकान किंवा कारखाना मुलांच्या हाती सोपवून लेखणीकडे वळणारी ज्येष्ठ मंडळी भेटतात. कोणी वडिलांच्या व्यवसायाची वाटचाल लिहितो, कोणी प्रवचनांवरील चिंतन. हस्तलिखित पूर्ण झाले की प्रश्न उभा राहतो : लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्या कंपनीकडे जावे काय?

पैसे देण्यात कमीपणा नाही. दहाव्या शतकात कर्नाटकातील दानशूर श्राविका अत्तिमब्बे हिने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या हजार प्रती स्वखर्चाने लिहवून घेऊन वाटल्या, असे परंपरा सांगते. हे शास्त्रदान. दानात परताव्याची अपेक्षा नसते. व्यापारात ती असलीच पाहिजे. म्हणून हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, हे आधी ठरवावे.

व्यापार मानला तर हिशेब मांडावा. समजा, 60,000 रुपयांत 300 प्रती मिळाल्या. एक प्रत 200 रुपयांस पडली. छापील किंमत 250 रुपये ठेवली आणि विक्रेत्याने 40 टक्के कमिशन घेतले, तर हाती 150 रुपये येतात. साऱ्या प्रती खपूनही 15,000 रुपयांचा तोटा! कंपनीचा नफा मात्र पहिल्याच दिवशी वसूल होतो. कारण तिचा खरा ग्राहक वाचक नसून लेखक असतो.

दान मानले तरी करारपत्र डोळ्यांखालून घालावेच. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते. पैसेही द्यायचे आणि हक्कही, असा सौदा करू नये. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे शुल्क कोणी लावल्यास खुलासा मागावा. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई व बांधणी यांचे स्वतंत्र दर घेऊन ते एखाद्या मुद्रकाच्या दरांशी ताडून पाहावेत. उरलेल्या प्रती कोणाच्या, हेही लेखी असावे.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही पहिला प्रश्न विचारत असू : परतफेड कोठून होणार? पुस्तकाबाबतही हाच प्रश्न विचारावा. उत्तर ‘नातवंडांच्या हाती घराण्याचा इतिहास राहील’ असे असेल, तर शंभर प्रती पुरेत आणि तो खर्च सार्थकी लागला असे समजावे.