करवतीचा भुसा काय सांगतो?

यवतमाळ जिल्ह्यातील पानझडी जंगलांत साग विपुल आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात गेलात तर तो जागोजाग दिसेल. सागाचे लाकूड टिकाऊ खरे. पण ते करवतीची धार फार लवकर घालवते. असे का व्हावे?

सागाच्या लाकडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. सिलिका म्हणजे वाळूतील मुख्य घटक. या कठीण कणांवर घासून पोलादी दातांची कड बोथट होते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्हांला ठाऊक आहेच. कडेची रुंदी दहापट झाली, की तेवढ्याच बलाचा दाब एकदशांश होतो. मग लाकूड कापले न जाता नुसते घासले जाते आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

आता यंत्रावर चालणारी साखळी-करवत, म्हणजे चेनसॉ, घेऊ. 1946 साली अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक अळी निरखून पाहिली. ती आपले वाकडे जबडे डावी-उजवीकडे चालवीत लाकूड कोरीत होती. त्यावरून त्याला डाव्या-उजव्या वाकड्या दातांची साखळी सुचली. आजच्या साखळ्या त्याच धर्तीच्या आहेत. त्या सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाने धावतात.

धार लावण्यासाठी दाताच्या मापाची गोल कानस घेतात. ती साधारण 30 अंशांच्या कोनात धरून फक्त पुढे ढकलतात. प्रत्येक दाताला सारखेच हात द्यावे लागतात. नाहीतर काप वाकडा जातो.

प्रत्येक दातापुढे एक ठेंगणा उंचवटा असतो. तो दाताच्या टोकापेक्षा सुमारे 0.6 मिलिमीटर खाली असतो. दाताने किती जाड ढलपी काढावी, हे तो ठरवितो. दाताचा माथा मागे उतरता असल्याने घासता घासता दात बुटका होतो. म्हणून उंचवटाही मापून घासतात. तो जास्त घासला गेला, तर दात खोल रुततो आणि करवत उसळून कारागिराच्या अंगावर येऊ शकते.

उष्णतेचेही भान हवे. दीड मीटर लांबीची पोलादी साखळी 60 अंश सेल्सिअसने तापली, तर सुमारे 1 मिलिमीटरने लांबते. गरम असताना ताणून बसविलेली साखळी निवताना आकसते आणि पट्टीला आवळते. म्हणून काम संपल्यावर ताण सैल करतात. घर्षण कमी राहावे यासाठी तेलही सतत लागते.

बोथट करवत कमी धोक्याची, असे काहींना वाटते. ते चूक आहे. बोथट करवतीवर माणूस जोर देतो, थकतो, आणि तोल जातो. धार गेल्याची खूण सोपी आहे : धारदार साखळी ढलप्या पाडते, बोथट साखळी पिठासारखा भुसा.

तुम्ही गावातल्या सुताराकडे जा. हातकरवतीला धार लावण्यापूर्वीचा व नंतरचा भुसा मागून घ्या आणि भिंगाखाली ताडून पाहा. चालू यंत्राच्या जवळ मात्र जाऊ नका!