पाळत, फोन आणि झेरॉक्सचं दुकान

‘खासगीपण केव्हाच संपलं, आता काळजी करून काय उपयोग?’ पुण्यातल्या बिबवेवाडीत हे वाक्य सोसायटीच्या कट्ट्यापासून अप्पर इंदिरानगरच्या बसथांब्यापर्यंत ऐकू येतं. मला हा सर्वांत नुकसानकारक गैरसमज वाटतो. पाळत ठेवणारे अनेक आहेत, प्रत्येकाची रीत वेगळी आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण आजही अडवू शकतो.

पोलीस कुणाचाही फोन हवा तेव्हा ऐकू शकतात, हा समज घ्या. कायद्यानुसार साधारणपणे गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो. तो 60 दिवस चालतो आणि कितीही वाढवला तरी 180 दिवसांपुढे जात नाही. पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ही चौकट आखली. डिसेंबर 2024 मध्ये त्यासाठी नवे नियम आले. पण चौकट किती पोकळ ठरू शकते, याची चर्चा पुण्यातच झाली. आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने, अमली पदार्थांचा तस्कर म्हणून टॅप केला गेला, असा आरोप काँग्रेस नेते नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत केला. फेब्रुवारी 2022 मध्ये या प्रकरणी पुण्यातल्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आदेशाच्या कागदावर खोटं नाव आलं, तर ते पकडण्याचं काम अशा आदेशांची तपासणी करणाऱ्या आढावा समितीचंच. तिथे कोणतंही अ‍ॅप नागरिकाच्या मदतीला येत नाही.

मग संगणकात शिरणाऱ्या हेरगिरीपुढे आपण हतबलच, असं लोक धरून चालतात. पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर लिंक न दाबताही फोनमध्ये शिरू शकतं, हे खरं आहे. पण पुण्यात नोंदलेल्या एल्गार परिषद खटल्यातली गोष्ट पाहा. आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून फाइल्स पेरल्या गेल्या, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने 2021 मध्ये मांडला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. त्या अहवालानुसार शिरकाव झाला तो जून 2016 मध्ये, ईमेलसोबत आलेली एक फाइल उघडल्यावर, आणि वापरलं गेलं ते तेव्हा बाजारात सहज मिळणारं नेटवायर हे सॉफ्टवेअर. अनोळखी फाइल न उघडणं आणि फोन, संगणक अपडेट ठेवणं ही खबरदारी म्हणूनच क्षुल्लक नाही. ज्यांना खरोखर लक्ष्य होण्याची भीती आहे, अशा पत्रकार-वकिलांसाठी आयफोनमध्ये 2022 पासून ‘लॉकडाउन मोड’ आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश वाटेत वाचता येत नाहीत, हे बरोबर. पण क्लाउडवरच्या बॅकअपला तसंच कुलूप लावण्याची सोय 2021 पासून असूनही ती आपल्याला मुद्दाम चालू करावी लागते. आणि कुणी कुणाला फोन केला, कोणत्या टॉवरखालून केला, या नोंदी कंपन्यांना दोन वर्षं ठेवाव्याच लागतात. ते आपल्या हातात नाही.

‘फोन माझं बोलणं ऐकतो, म्हणून कुकरची जाहिरात दिसली.’ अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 17,000 हून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली. गुपचूप आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही अ‍ॅप्स मात्र स्क्रीनवरची हालचाल टिपून बाहेर पाठवत होती. आपलं ठिकाण, शोध आणि खरेदी एवढ्यावर जाहिरातदाराचं काम भागतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातीचा आयडी काढून टाकता येतो. लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच ठेवता येते.

सगळ्यांत मोठी गळती मात्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात होते. भाडेकराराला, सिमकार्डाला, प्रवेशाला आपण आधारकार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. फाइल त्या संगणकावर तशीच राहते. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार फुकट मिळतं आणि बऱ्याच कामांना ते चालतं. बोटांचे ठसेही तिथूनच लॉक करता येतात. दुकानातून निघण्याआधी फाइल डिलीट करायला सांगण्यात संकोच कसला?

‘आता कायदा आलाय, तो बघून घेईल’ हाही भाबडेपणा. सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपण मूलभूत हक्क ठरला. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 चे आणि मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार केंद्र सरकार हव्या त्या सरकारी संस्थेला सूट देऊ शकतं. लोकांच्या बोलण्याचं वजन मात्र पडतं. प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अ‍ॅप आधीच घालून देण्याचा आदेश डिसेंबर 2025 मध्ये टीका होताच काही दिवसांत मागे घेतला गेला.

बिबवेवाडीतल्या सोसायट्यांना तर दिल्लीची वाटही पाहावी लागत नाही. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये कामवाल्या मावशींचा आणि पाहुण्यांचा फोटो, नंबर किती दिवस राहतो, तो कोण पाहू शकतो आणि कधी पुसला जातो, हा विषय यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणताही सभासद लेखी पत्र देऊन मांडू शकतो.