एचआयव्ही, उतारवय आणि मेंदू

लागण झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत एचआयव्ही मेंदूत पोहोचतो. रक्तातल्या बाधित पांढऱ्या पेशींबरोबर तो आत शिरतो आणि मायक्रोग्लिया, मॅक्रोफेज या संरक्षक पेशींत ठाण मांडतो. चमत्कारिक बाब अशी, की खुद्द चेतापेशींना तो सहसा शिवत नाही. बाधित पेशींतून पाझरणारी दाहक रसायने आणि विषाणूची प्रथिने त्यांना जायबंदी करतात.

१९९६ नंतर संयुक्त औषधोपचार आले आणि एचआयव्हीमुळे होणारा तीव्र स्मृतिभ्रंश विरळा झाला. नियमित गोळ्या घेणारे आता साठी-सत्तरी गाठतात. मात्र तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तरी दाह पुरता शमत नाही. त्यात मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखूने रक्तवाहिन्यांची हानी होते. उपचारांपूर्वी रोगप्रतिकारक सीडी४ पेशी फार घटलेल्या असतील, तर मेंदूला धोका अधिक.

अल्झायमरमध्ये बहुधा आधी स्मरणशक्ती जाते. एचआयव्हीमध्ये आधी विचारांचा वेग मंदावतो. बँकेचा फॉर्म भरायला वेळ लागतो, हिशेब करताना कोणी मध्येच बोलले की सगळे चुकते. नाव आठवत नाही, पण खूण सांगितली की आठवते. घरचे म्हणतात, वय झाले! या मंदपणाची प्राथमिक चाचणी मात्र अगदी साधी आहे: अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायची, मग मूठ, तळवा, हाताची कड असा क्रम टेबलावर करून दाखवायचा, शेवटी सुरुवातीला ऐकलेले चार शब्द सांगायचे. १२ पैकी १० किंवा कमी गुण पडले, तर सविस्तर तपासणी हवी.

मेंदूप्रमाणे नसांनाही त्रास होतो आणि तो तळपायांपासून सुरू होतो. मुंग्या येतात, आग होते, पुढे चप्पल निसटली तरी कळत नाही. हे विषाणूमुळे होते, तसेच औषधांमुळेही. भारतात एप्रिल २००४ मध्ये एचआयव्हीवर मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा स्टॅव्हुडीन हे औषध सर्रास दिले जाई. त्याने अनेकांच्या नसा दुखावल्या; औषध बंद झाले, तरी काहींचा बधिरपणा कायम राहिला. क्षयरोगावरील आयसोनियाझिडनेही नसा बिघडतात, म्हणून त्यासोबत ब६ जीवनसत्त्व देतात.

उतारवयात एक गुंता हमखास दिसतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व घटू शकते. त्यानेही पाय बधिर होतात, विसरभोळेपणा वाढतो. सध्याच्या उपचारांतले डोल्युटेग्रॅव्हिर रक्तातील मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढवते, त्यामुळे मेटफॉर्मिनचा डोस सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. मधुमेहाच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवला, तर ही काळजी घेणार कोण? एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रालाही बाहेरच्या गोळ्यांची यादी दाखवायला हवी.